न्यायाधीशच आरोपीच्या पिंजऱ्यात: सॅम्युएल चेस प्रकरण, १८०४-०५

२ जानेवारी १८०५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे एक न्यायमूर्ती सिनेटपुढे आरोपी म्हणून हजर झाले आणि आपल्याकडच्या कुठल्याही आरोपीसारखी त्यांनी पहिल्या दिवशी तारीख मागितली. वय ६३, अंगानं आडदांड, चेहरा कायम लालबुंद. त्या चेहऱ्यावरून वकीलवर्गात त्यांना ‘बेकनतोंड्या’ म्हणत. त्यांच्यासाठी मांडलेली खुर्ची अध्यक्षांनी आधी हलवायला लावली. बसायची परवानगी मागितल्यावर ती परत मिळाली.

अध्यक्षस्थानी होते उपराष्ट्रपती ॲरन बर. सहा महिन्यांपूर्वी, ११ जुलै १८०४ रोजी, त्यांनी द्वंद्वयुद्धात आपले राजकीय प्रतिस्पर्धी अलेक्झांडर हॅमिल्टन यांना गोळी घातली होती, आणि दोन राज्यांत त्यांच्यावर गुन्हे दाखल होते. एरवी खुनी माणूस न्यायाधीशासमोर उभा असतो, इथे न्यायाधीश खुन्यासमोर उभा आहे, असा विनोद तेव्हा गावभर झाला.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तीवर महाभियोग चालला, तो आजवर एवढा एकदाच. तो कसा उभा राहिला, कुठे फसला आणि त्यातून काय शिल्लक राहिलं, ते इथे क्रमानं मांडलं आहे.

पार्श्वभूमी

इंग्लंडच्या राजाविरुद्ध वसाहतींची जी गाऱ्हाणी होती, त्यांत एक थेट न्यायाधीशांबद्दल होतं. त्यांची नोकरी आणि पगार राजाच्या मर्जीवर चालतो, असं १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातच लिहिलं आहे. त्या जाहीरनाम्यावर मेरीलँडतर्फे सही करणाऱ्यांत हेच सॅम्युएल चेस होते.

पुढे संविधान झालं तेव्हा त्यावर तोडगा काढला गेला. संघराज्याचा न्यायाधीश ‘वर्तन चांगलं असेपर्यंत’ पदावर राहील आणि त्याचा पगार कमी करता येणार नाही. त्याला काढायचं तर महाभियोगानं: प्रतिनिधिगृहानं आरोप ठेवायचे, सिनेटनं खटला चालवायचा, हजर सदस्यांच्या दोन तृतीयांश मतांनी दोषी ठरवायचं. कारणं तीन: देशद्रोह, लाचखोरी आणि ‘इतर मोठे गुन्हे व गैरवर्तन’. सगळी मेख या तिसऱ्या शब्दप्रयोगात आहे. ‘चांगलं वर्तन’ संपलं पण ‘मोठा गुन्हा’ झाला नाही, अशा न्यायाधीशाचं काय करायचं, ते कुणी लिहून ठेवलं नव्हतं.

१८०० च्या निवडणुकीत जॉन ॲडम्स यांचा फेडरॅलिस्ट पक्ष हरला आणि थॉमस जेफरसन यांचे रिपब्लिकन सत्तेवर आले. (आजच्या रिपब्लिकन पक्षाशी याचा संबंध नाही.) जाता जाता फेडरॅलिस्टांनी फेब्रुवारी १८०१ मध्ये नवा न्यायालयीन कायदा करून १६ सर्किट न्यायाधीशांच्या जागा काढल्या आणि आपल्या माणसांनी भरल्या. ‘मध्यरात्रीचे न्यायाधीश’ ते हेच. जेफरसन यांच्या पक्षानं मार्च १८०२ मध्ये तो कायदाच रद्द केला. न्यायाधीशाला काढता येत नाही, तर त्याची खुर्चीच मोडायची.

त्या रद्द झालेल्या कायद्यात एक कामाची तरतूदही होती: जिल्हा न्यायाधीश आजारपणानं काम करू शकत नसेल, तर त्याच्या जागी सर्किट न्यायाधीशानं बसायचं. न्यू हॅम्पशरचे जॉन पिकरिंग यांच्याबाबत तीच वापरात होती. दारू आणि वेड यांनी ते पुरते खचले होते. कायदा गेला, तरतूद गेली, आणि पिकरिंग पुन्हा न्यायासनावर येऊन बसले.

आधीची तालीम

पिकरिंग यांनी लाच घेतली नव्हती की देशद्रोह केला नव्हता. १८०२ मध्ये एका जप्त जहाजाच्या प्रकरणात ते नशेत कोर्टात आले, वेडंवाकडं बोलले आणि सरकारचे साक्षीदार न ऐकताच जहाज मालकाला परत देऊन मोकळे झाले. प्रतिनिधिगृहानं महाभियोग आणला. त्यांच्या मुलानं सिनेटला अर्ज केला की वडील वेडे आहेत, त्यांना आपण काय करतो हे समजत नाही.

आता सिनेटची कोंडी झाली. वेडा मान्य केला, तर गुन्हा कसला? गुन्हा मान्य केला, तर वेडाकडे डोळेझाक करावी लागते. सिनेटनं यातून जी वाट काढली, ती पुढच्या गोष्टीसाठी महत्त्वाची आहे. मतदानाचा प्रश्न त्यांनी असा ठेवला: पिकरिंग ‘आरोपात म्हटल्याप्रमाणे’ दोषी आहेत का? हा ‘मोठा गुन्हा’ आहे का, हे विचारायचंच नाही. काही सदस्यांना हे इतकं खटकलं की ते मतदानाला थांबलेच नाहीत. १२ मार्च १८०४ रोजी १९ विरुद्ध ७ मतांनी पिकरिंग गेले. रिकामी झालेली जागा मिळाली जॉन शेरबर्न यांना, म्हणजे ज्या सरकारी वकिलानं या खटल्यात पिकरिंग यांच्याविरुद्ध साक्ष दिली होती, त्यालाच.

त्याच दिवशी प्रतिनिधिगृहानं ७३ विरुद्ध ३२ मतांनी सॅम्युएल चेस यांच्यावर महाभियोग चालवायचं ठरवलं.

पेच

तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती घोड्यावरून, बग्गीतून गावोगाव फिरून सर्किट कोर्टात खटले चालवत. चेस यांचं नाव झालं आणि बिघडलं ते या दौऱ्यांत.

१८०० च्या वसंतात फिलाडेल्फियात जॉन फ्रीस याचा खटला होता. घरांवरच्या संघराज्याच्या कराविरुद्ध पेनसिल्व्हेनियातल्या जर्मन शेतकऱ्यांनी दंगा केला होता, त्याचा हा पुढारी. आरोप देशद्रोहाचा, शिक्षा फाशी. वकिलांनी तोंड उघडण्याआधीच चेस यांनी देशद्रोहाची व्याख्या काय, याबद्दलचं आपलं मत लेखी तयार करून वकिलांच्या हातात ठेवलं. बचावाचे दोन्ही वकील संतापून वकीलपत्र सोडून निघाले. दुसऱ्या दिवशी न्यायालयानं कागद मागे घेतला, हवं ते मांडा म्हणून सांगितलं, पण वकील बधले नाहीत. फ्रीसला फाशीची शिक्षा झाली, आणि राष्ट्राध्यक्ष ॲडम्स यांनी त्याला माफी दिली.

मग रिचमंड. पत्रकार जेम्स कॅलेंडर यानं ॲडम्स यांच्याविरुद्ध पुस्तिका लिहिली, म्हणून त्याच्यावर १७९८ च्या राजद्रोह कायद्याखाली खटला. इथे चेस यांनी वकिलांना शब्दाशब्दाला तोडलं, टोमणे मारले, आरोपीबद्दल आधीच मत बनलेल्या ज्युरराला बसू दिलं. बचावाचा महत्त्वाचा साक्षीदार कर्नल जॉन टेलर याला विचारायचे प्रश्न आधी लिहून मागितले आणि मग त्याची साक्षच नाकारली, का तर ती आरोपाचा एकच भाग खोडते, सगळा आरोप नाही. इथेही वकील उठून गेले. कॅलेंडरला ९ महिने कैद आणि २०० डॉलर दंड झाला.

पण ठिणगी पडली ती २ मे १८०३ रोजी बाल्टिमोरमध्ये. ग्रँड ज्युरीला (आरोप ठेवायचा की नाही, हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाला) सूचना देता देता चेस यांनी १८०१ चा कायदा रद्द करणाऱ्यांवर तोंडसुख घेतलं, सरसकट मताधिकारावर टीका केली आणि आपलं प्रजासत्ताक झुंडशाहीत बुडणार असं भाकीत केलं. न्यायासनावरून केलेलं हे प्रचाराचं भाषण होतं. माझ्या मते चेस यांचा खरा अपराध हाच, आणि गंमत म्हणजे कायद्याच्या भाषेत तो पकडायला सगळ्यात अवघडही हाच.

समोरचे पर्याय

जेफरसन यांनी १३ मे १८०३ रोजी मेरीलँडचे खासदार जोसेफ निकोल्सन यांना पत्र लिहिलं: आपल्या संविधानाच्या तत्त्वांवर पदावरून केलेला हा हल्ला विनाशिक्षा जाऊ द्यायचा का? आणि पुढे, मी स्वतः यात न पडणं बरं. बंदूक निकोल्सन यांच्या खांद्यावर ठेवून राष्ट्राध्यक्ष बाजूला झाले.

एक वाट म्हणजे काहीच न करणं. चेस साठी ओलांडलेले, प्रकृतीनं कुरकुरणारे. शिवाय राजद्रोह कायद्याची मुदत १८०१ मध्येच संपली होती, म्हणजे ते हत्यार त्यांच्या हातातून गेलं होतं. दुसरी वाट १८०२ ची, खुर्ची मोडण्याची. ती सर्वोच्च न्यायालयाला लागू पडत नव्हती, कारण ते संविधानातच आहे.

तिसरी वाट घटनादुरुस्तीची: दोन्ही सभागृहांनी मिळून विनंती केली की राष्ट्राध्यक्षानं न्यायाधीशाला काढायचं. इंग्लंडमध्ये १७०१ पासून साधारण अशीच सोय होती. हा पर्याय कुणी गांभीर्यानं पुढे नेला नाही, याचं मला राहून राहून नवल वाटतं. कारण याच पक्षानं, याच काळात, राष्ट्राध्यक्ष-उपराष्ट्रपतींच्या निवडणुकीबाबतची बारावी घटनादुरुस्ती डिसेंबर १८०३ मध्ये काँग्रेसमधून आणि जून १८०४ पर्यंत राज्यांकडून मंजूर करून घेतली होती. म्हणजे ताकद होती. मात्र बारावीला राज्यांची सहज साथ मिळाली, तशी याला मिळाली असती का, हा प्रश्न उरतोच.

राहिला महाभियोग. पण कोणत्या अर्थानं? व्हर्जिनियाचे सिनेटर विल्यम ब्रँच जाइल्स खाजगीत सरळ बोलत. महाभियोग म्हणजे फौजदारी खटला नव्हेच, तुमची मतं धोक्याची आहेत आणि तुमची जागा आम्हाला अधिक चांगल्या माणसाला द्यायची आहे, एवढं काँग्रेसनं सांगणं म्हणजे महाभियोग. माजी राष्ट्राध्यक्ष ॲडम्स यांचे चिरंजीव, सिनेटर जॉन क्विन्सी ॲडम्स यांनी हे बोलणं ऐकलं आणि घरी जाऊन डायरीत उतरवलं. दुसऱ्या टोकाला चेस यांचे वकील: ज्यासाठी कोर्टात फौजदारी खटला भरता येतो, असाच गुन्हा महाभियोगाला चालतो.

सरन्यायाधीश जॉन मार्शल किती धास्तावले होते, हे त्यांच्या जानेवारी १८०५ च्या पत्रातून दिसतं. महाभियोगाची ही नवी व्याख्या चालू देण्यापेक्षा न्यायालयाच्या निकालांवर काँग्रेसला अपील ऐकू द्यावं, असं त्यांनी चेस यांना सुचवलं. ज्या माणसानं दोनच वर्षांपूर्वी काँग्रेसचा कायदाही न्यायालय घटनाबाह्य ठरवू शकतं असं बजावलं होतं, त्याचं हे वाक्य आहे.

काय केलं गेलं

निकोल्सन स्वतः पुढे झाले नाहीत. सभापती नॅथॅनियल मेकन यांनी त्यांना सावध केलं होतं. चेस यांची जागा मेरीलँडची, ती रिकामी झाली तर तुमचंच नाव येणार, मग लोक काय म्हणतील? सल्ला शहाणपणाचा होता, पण त्यामुळे सूत्रं गेली व्हर्जिनियाच्या जॉन रँडॉल्फ यांच्याकडे. वक्तृत्व धारदार, डोकं भडक, आणि वकिलीचा गंध नाही.

आरोपांचा मसुदा हा दुसरा, आणि माझ्या मते निर्णायक टप्पा. डिसेंबर १८०४ मध्ये आठ कलमं मंजूर झाली. पहिलं फ्रीसचं, दुसऱ्यापासून सहाव्यापर्यंत कॅलेंडरची, सातवं डेलावेअरमधलं (तिथे चेस यांनी एका संपादकावर आरोप ठेवा म्हणून ग्रँड ज्युरीला घरी जाऊच दिलं नव्हतं) आणि आठवं बाल्टिमोरच्या भाषणाचं. ज्या भाषणासाठी हा सगळा खटाटोप, ते शेवटी. आणि मधे पाचवं-सहावं कलम घुसडलेलं: कॅलेंडरला समन्सऐवजी अटकेचं वॉरंट काढलं, आणि व्हर्जिनियाच्या कार्यपद्धतीप्रमाणे खटला पुढच्या सत्रावर न ढकलता लगेच चालवला. या चुका असल्याच तर अपिलात सुधारायच्या. आठांपैकी दोन आरोप इतके फुसके असले की उरलेल्या सहांवरही शंका बसते, हे कुठलाही जुना फौजदारी वकील सांगेल.

ॲरन बर यांनी सिनेटचं सभागृह खास सजवून घेतलं. सिनेटरांच्या बाकांवर किरमिजी कापड, फिर्यादी आणि बचावाच्या जागांवर निळं, बायकांसाठी बांधलेल्या नव्या गॅलरीला हिरवं. सरकारपक्षानं दरम्यान त्यांची मर्जी सांभाळायला सुरुवात केली होती. त्यांचा सावत्र मुलगा आणि साडू यांना लुइझियानाच्या बाजूला नेमणुका मिळाल्या. तरीही खटला त्यांनी इतक्या काटेकोरपणे चालवला की विरोधकांनीही मान डोलावली. माणूस वाईट असला म्हणून त्याचं प्रत्येक काम वाईट असतं असं नाही.

फेब्रुवारीत पन्नासच्या आसपास साक्षीदार तपासले गेले. मार्शल यांची साक्ष मात्र भित्री झाली. रिचमंडचं वर्तन नेहमीच्या पठडीतलं होतं का, या प्रश्नावर ते हातचं राखूनच बोलले. बचावाची धुरा मेरीलँडचे महाधिवक्ता लूथर मार्टिन यांच्याकडे: पट्टीचे पिणारे आणि पट्टीचे वकील. त्यांनी आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी एकेक कलम उकलून दाखवलं. यात लाच कुठे, हेतू कुठे, कोणता कायदा मोडला?

रँडॉल्फ यांचं समारोपाचं भाषण २७ फेब्रुवारीला झालं. टिपणं हरवली होती, बोलणं भरकटलं, मधेच हुंदके. त्याच अधिवेशनात जॉर्जियातल्या याझू जमीन घोटाळ्यावरून ते आपल्याच सरकारवर तुटून पडले होते आणि उत्तरेकडच्या पक्षबंधूंना दुखावून बसले होते. त्यांना हरलेलं पाहायला विरोधकांइतकेच स्वपक्षीयही उत्सुक होते.

मतदानाआधी प्रश्न पुन्हा तोच आला: काय विचारायचं? या वेळी सिनेटनं पिकरिंगचा साचा वापरला नाही. डेलावेअरचे फेडरॅलिस्ट जेम्स बेयर्ड यांच्या सूचनेप्रमाणे प्रश्न असा ठरला: आत्ता वाचलेल्या कलमात म्हटल्याप्रमाणे सॅम्युएल चेस हे मोठ्या गुन्ह्याचे किंवा गैरवर्तनाचे दोषी आहेत की नाहीत? पिकरिंगच्या वेळी सदस्याला फक्त ‘हे घडलं’ एवढंच म्हणायचं होतं. आता ‘हे घडलं, आणि हा संविधानाच्या अर्थानं मोठा गुन्हा आहे’ असं उभं राहून म्हणायचं होतं.

निकाल

१ मार्च १८०५. सिनेटमध्ये ३४ सदस्य: २५ रिपब्लिकन, ९ फेडरॅलिस्ट. दोषी ठरवायला २३ मतं हवीत, म्हणजे पक्षातली दोन फुटली तरी चालणार होतं. कनेक्टिकटचे आजारी सिनेटर युराया ट्रेसी यांना उचलून सभागृहात आणलं होतं.

फ्रीसच्या कलमावर १६ दोषी, १८ निर्दोष. टेलर यांच्या साक्षीवर आणि वकिलांशी वागण्यावर १८-१६. वॉरंटच्या पाचव्या कलमावर एकही ‘दोषी’ नाही, सहाव्यावर फक्त चार. सगळ्यात जास्त मतं पडली शेवटच्या, बाल्टिमोरच्या कलमाला: १९ विरुद्ध १५. चार कमी पडली. सहा रिपब्लिकन सदस्यांनी आठही कलमांवर ‘निर्दोष’ म्हटलं.

हरल्यावर रँडॉल्फ यांनी दोन्ही सभागृहांच्या विनंतीवरून न्यायाधीश काढण्याची घटनादुरुस्ती मांडली, आणि निकोल्सन यांनी विधिमंडळांना आपले सिनेटर परत बोलावता यावेत अशी दुसरी. आधी मांडायची गोष्ट रागाच्या भरात नंतर मांडली, आणि दोन्ही तिथेच विरल्या. निकोल्सन पुढच्या वर्षी खासदारकी सोडून मेरीलँडमध्ये न्यायाधीश झाले.

चेस जून १८११ मध्ये मृत्यूपर्यंत पदावर राहिले. त्यानंतर महाभियोगानं संघराज्याचे न्यायाधीश गेले नाहीत असं नाही. पिकरिंग धरून आजवर आठ जण सिनेटनं काढले. पण नुसत्या निकालांपायी किंवा मतांपायी काढण्याची ताकद या हत्यारात उरली नाही. सुटलेल्या चेस यांनाही धडा मिळाला होता. ग्रँड ज्युरीसमोर पक्षाची भाषणं करण्याची न्यायाधीशांची सवय या खटल्यानंतर ओसरली.

वेगळं काय करता आलं असतं

मसुदा वेगळा असता तर? समजा रँडॉल्फ यांनी दोनच कलमं ठेवली असती: रिचमंडमधलं वकिलांशी वर्तन आणि बाल्टिमोरचं भाषण. पहिल्यात पक्षपाताचा पुरावा होता, दुसऱ्यात न्यायासनाचा राजकीय वापर. दोन्ही ‘चुकीचे निकाल’ या सदरात मोडत नाहीत. वकील असलेल्या निकोल्सन यांनी सूत्रं घेतली असती तर बहुधा हे झालं असतं. २३ मतं मिळाली असती का? मला शंका आहे, पण अंतर चार मतांचंच होतं. आणि मिळाली असती तर पुढचा प्रत्येक राष्ट्राध्यक्ष नावडत्या न्यायमूर्तीच्या भाषणांची कात्रणं काढत बसला असता.

चेस यांनी राजीनामा दिला असता तर? खटला टळला असता, पण जाइल्स यांची व्याख्या न तपासताच मान्य झाली असती. त्यांच्या हट्टीपणाचा न्यायालयाला झालेला हा एकमेव फायदा असावा.

पिकरिंग यांच्या बाबतीत मात्र सगळेच चुकले, असं मला वाटतं. १८०२ मध्ये कायदा रद्द करताना आजारी न्यायाधीशाची ती एक तरतूद बाजूला काढून ठेवली असती, तर वेड्या माणसाला गुन्हेगार ठरवायची वेळच आली नसती. आणि ती वेळ आली नसती, तर महिन्यात दोन न्यायाधीश लोळवण्याची घाई झालेल्या पक्षाकडे सिनेटरांनी इतक्या संशयानं पाहिलंही नसतं.

आपल्याकडे वृत्तपत्रं न्यायाधीशांबाबतही ‘महाभियोग’च लिहितात, पण भारताच्या संविधानात तो शब्द फक्त राष्ट्रपतींसाठी आहे. न्यायाधीशांसाठी अनुच्छेद १२४(४) मध्ये ‘पदावरून दूर करणे’ असा मार्ग आहे: दोन्ही सभागृहांचं समावेदन, विशेष बहुमत, आणि मग राष्ट्रपतींचा आदेश. साचा इंग्लंडचा, साधारण तोच जो रँडॉल्फ यांनी हरल्यावर मागितला. आणि तिथे कारणं दोन दिली आहेत. एक ‘सिद्ध झालेलं गैरवर्तन’. दुसरं ‘अक्षमता’, जो शब्द मार्च १८०४ मध्ये पिकरिंग यांच्या मुलाला हवा होता.